डाळिंबाला टेकलेली कोरफड

पूर्वी कधी तरी, ज्याचे नाव आता कोणालाच आठवत नाही अशा एका राज्यात, दूरच्या डोंगराळ मुलखातून एक राणी लग्न होऊन आली. सोबत तिने एका रोपाचे खोड आणले होते. तिच्या माहेरी तशी रीतच होती. लेकीबरोबर अंगणातले एक खोड द्यायचे, आणि सासरी त्याला पहिले फूल आले की ते आईकडे पाठवायचे. फूल पोहोचले म्हणजे लेक रुजली, असे आई समजे. तोवर तिच्या जिवाला स्वस्थता नसे.

राजबागेचा माळी वृद्ध आणि कर्तव्यदक्ष होता. त्याने पान मोडून पाहिले, चीक जिभेला लावला आणि म्हणाला, "कोरफड आहे, राणीसाहेब. निर्धास्त असा."

खोड रुजले, पण ते कोरफडीसारखे जमिनीलगत बसेना. बोरूसारखे बारीक होऊन ते लांबत असे आणि लवंडत असे. ऊन कमी पडले की कोरफड अशी उंचावते, हे माळ्याला ठाऊक होते. म्हणून त्याने कुंडी डाळिंबाशेजारी भर उन्हात ठेवली आणि शेंडा छाटला. खोड पुन्हा लांबले. त्याने पुन्हा छाटले. अशी वर्षे गेली.

राणी रोज संध्याकाळी कुंडीपाशी येई. आधी ती काही विचारत असे. पुढे नुसती पाहून परत जाऊ लागली.

एकदा तिच्या दासीला राहवेना. "माळीदादा, एवढी हजामत तर न्हावीसुद्धा करत नाही! तुमची कात्री दमत नाही का हो?"

"कात्री कशाला दमेल, बाई? हात दमतात," माळी म्हणाला. "पण कोरफडीने कोरफडीसारखे वागायला नको का?"

राणी हळूच म्हणाली, "आईचा निरोप आला आहे. 'फूल राहू दे, पण खरे सांग, तू सुखात आहेस ना?' तिला काय कळवू?"

माळ्याने कात्री पुसली आणि लांबलेला शेंडा पुन्हा छाटला.

त्या वर्षी त्याची बोटे सुजली. कात्री धरवेना, आणि राणीची ठेव दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होईना. खोड आपल्याच मनासारखे लांबले, लवंडले आणि डाळिंबाला टेकले. त्याची मागे वळलेली पाने फांद्यांत अडकली आणि तेवढ्या आधाराने ते वर चढत गेले. थंडीत त्याच्या शेंड्याला शेंदरी फुलांचा तुरा आला.

माळ्याने जवळ जाऊन प्रथमच ते रोप नीट पाहिले. पान जिथे खोडाला कवटाळत होते, तिथे पापण्यांसारखी बारीक, पांढरी झालर होती. बागेतल्या दुसऱ्या कोणत्याही कोरफडीला ती नव्हती.

"राणीसाहेब, ही चढणारी कोरफड आहे," तो म्हणाला. "हिला फूल शेंड्याला येते. आणि शेंडा मीच छाटत होतो."

राणी रागावली नाही. तेवढे बळ तिच्यात उरले नव्हते. "ही कशी वाढते, ते मीही आईला कधी विचारले नाही," ती म्हणाली. तिने पानांसकट तुरा एका स्वाराच्या हाती माहेरी धाडला.

स्वार परतला, तो मान खाली घालूनच.

"आई भेटली ना?" राणीने विचारले.

"भेटल्या. पण गेल्या पावसाळ्यात त्यांची दृष्टी गेली आहे. त्यांनी पानाची झालर चाचपली आणि 'लेक रुजली' म्हणाल्या. मग मला विचारले, 'रंग तोच आहे ना रे?'"

"तू काय म्हणालास?"

"तोच म्हणजे कोणता, हे मला कुठे ठाऊक, राणीसाहेब? मी 'हो' म्हणालो."

तात्पर्य: ज्याची ओळख नीट पटलेली नाही, त्याला वळण लावण्याची घाई करू नये.