दोनशे चुलींचा धूर

चंदनावती नगरीत राजा सुषेणाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने एका सार्थवाहाच्या घरी जन्म घेतला होता. सार्थवाह म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याचा प्रमुख. वडिलांच्या मागे गाड्या, बैल आणि धनुर्धारी रखवालदार त्याच्याकडे आले, आणि धाकटा भाऊ पूर्णक याला सोबत घेऊन तो तांदळाचा व्यापार करू लागला.

त्या वर्षी चंदनावतीच्या वाटेवरच्या रानात चोरांच्या दोन टोळ्या एकमेकींवर उठल्या होत्या. वाट कोणाची, एवढाच वाद होता. टोळ्या एकमेकींना फारशा सापडत नसत. गावे मात्र जागच्या जागी सापडत. 'तुम्ही त्यांना जेवू घातलेत' म्हणून एक टोळी घरे जाळी, आणि उरलेली घरे दुसरी टोळी त्याच कारणाने जाळी. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, पण इथे नुसते ओलेच जळत होते. राजाच्या कानावर ही गोष्ट गेली होती, पण कानावरून पुढे गेली नव्हती. शेवटी सात गावांची माणसे मुलेबाळे घेऊन पळाली आणि नदीच्या वाळवंटात येऊन बसली.

बोधिसत्त्वाचा तांडा तिथे पोहोचला. नगरीत तेव्हा तांदळाला मागाल तो भाव होता. तरीही बोधिसत्त्वाने गाड्या सोडायला लावल्या आणि घरटी तांदूळ वाटून दिला. पूर्णकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण मोठ्या भावापुढे तो बोलला नाही. दान दिले की देणाऱ्याला झोप छान लागते. त्या रात्री बोधिसत्त्वालाही लागली.

सकाळी तो वाळवंटात फिरू लागला, तेव्हा त्याला चमत्कारिक वाटले. इतकी माणसे, हाताशी तांदूळ, आणि चूल एकही नाही. लोक कोरडा तांदूळ चावत होते. आया तो चावून मुलांच्या तोंडात घालत होत्या. वासवी नावाची एक बाई तीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कच्च्या तांदळाने मुलीचे पोट फुगले होते, आणि तिच्यात रडण्याचेही बळ उरले नव्हते.

बोधिसत्त्वाने विचारले, तेव्हा वासवीने खाली मान घालून सांगितले. पळताना एका ओढ्याकाठी तिने मुलीसाठी पेज ठेवली होती. चोर त्या धुराच्या मागावर आले आणि तिच्या नवऱ्याला, आणखी चौघांना, बांधून घेऊन गेले. तेव्हापासून सातही गावांनी चूल पेटवली नव्हती. घर सोडताना बायकांनी मडक्यांतून आणलेला विस्तवसुद्धा वाळूत पुरला होता.

"माझ्याच चुलीने माझा धनी नेला, महाराज," ती म्हणाली. "आता ही मुलगीही जाईल, ते मला दिसतंय. पण इतक्यांच्या जिवावर मी चूल कशी पेटवू?"

बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. आपण तांदूळ दिला आणि झोपी गेलो, याची त्याला लाज वाटली. मग त्याने सगळ्यांना जवळ बोलावले.

"एका धुरावर चोर येतो, कारण तिथे एक घर असतं," तो म्हणाला. "शेकडो धूर दिसले तर तो काय समजेल? इतक्या चुली रानाच्या काठी कोण पेटवतं?"

"राजाचं सैन्य," एक म्हातारा हळूच म्हणाला.

"आणि तरी ते आले तर?" वासवीने विचारले.

"तर पहिली चूल माझी असेल, रानाच्या तोंडाशी. शेजारी माझे रखवालदार असतील."

आता अडचण सरपणाची होती. वाळवंटात काटकी नव्हती आणि रानात पाऊल टाकायला कोणी धजत नव्हते. बोधिसत्त्वाने निम्म्या गाड्या फोडायला सांगितल्या. तेव्हा मात्र पूर्णकाला राहवले नाही.

"दादा, वडिलांच्या गाड्या आहेत या. माल काय डोक्यावर न्यायचा?"

"या लोकांच्या पोटात गेलेला माल न्यावा लागत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. मग पूर्णकानेच पहिली कुऱ्हाड उचलली.

दुपार कलताना वाळवंटात तीन-तीन दगडांच्या दोनशे चुली मांडल्या गेल्या. रानाच्या तोंडाशी बोधिसत्त्वाने आपली चूल पेटवली. पण बाकीचे नुसते पाहत राहिले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात त्यांचे काय चुकले? मग वासवी उठली. तिने त्या चुलीतला विस्तव खापरावर घेतला, आणि आपली चूल पेटवली. तिने पेटवली म्हटल्यावर मागे कोण राहणार? बायका एकमेकींकडून विस्तव मागू लागल्या आणि धुराने नदीचा काठ भरून गेला.

टेकडीवरून दोन्ही टोळ्यांनी तो धूर पाहिला. चोरांचे आडाखे ठरलेले असतात: दहा शिपायांमागे एक चूल. दोन्ही नायकांनी हिशेब केला, आणि राजा आपल्यावरच चालून आला असे दोघांनाही वाटले. बांधलेली माणसे तिथेच टाकून टोळ्या दोन दिशांना पळाल्या, त्या पुन्हा त्या रानात फिरकल्या नाहीत. बोधिसत्त्व कोणाशी खोटे बोलला नाही. त्याने फक्त स्वयंपाक केला.

वासवीच्या मुलीने मऊ भात खाल्ला आणि ती गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी बांधून नेलेल्या पाचांपैकी तिघे परत आले, त्यांत वासवीचा नवरा होता. तो दिसताच ती खाली बसली आणि पोटभर रडली. दोन घरी मात्र कोणी आले नाही, आणि त्या घरांच्या चुली शेजारणींनी पेटवल्या. आपले सैन्य रानाकाठी उतरल्याची बातमी राजालाही कळली. ती ऐकून तो शरमला, आणि त्याने खरेखुरे शिपाई पाठवून सातही गावे पुन्हा वसवली.

ही पूर्वजन्माची हकीकत सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा पूर्णक म्हणजे आजचा आनंद, वासवी म्हणजे महाप्रजापती गौतमी, आणि तो सार्थवाह मीच होतो. तांदूळ देणे हे दान, भिक्षूहो. तो शिजेपर्यंत तिथे थांबणे ही करुणा."