गालातली गोळी

“...म्हणजे औषध हरलं, असंच ना, आपा?” शार्दूलने विचारलं.

आपा इथल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर. त्या चष्मा पुसत होत्या. त्या चष्मा पुसायला लागल्या की शहाण्याने गप्प बसावं.

शार्दूल गप्प बसणाऱ्यातला नव्हता. मिरजेच्या त्या दवाखान्यात एवढा हुशार डॉक्टर दुसरा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानेच सांगितलं होतं.

खाटेवर गार्गी. वय नऊ. तिच्या अंगात रक्त धड तयार होत नाही, म्हणून तान्ही असल्यापासून परकं रक्त चढवतात. त्यातल्याच कुठल्या तरी पिशवीतून हिपॅटायटिस सी आला आणि यकृतात बिऱ्हाड करून बसला. भाडं नाही, काही नाही.

आता धाकट्या भावाच्या, मन्याच्या, मूळपेशी तिला द्यायच्या. जुळल्या होत्या. पण त्याआधी तिच्या हाडांतली जुनी मज्जा जाळायला जी औषधं देतात, ती यकृतालाही झोडपतात. म्हणून पाहुणा आधी बाहेर काढायचा. रोज एक गोळी.

पाहुणा निघाला होता. अर्ध्या वाटेवरून परत आला.

“औषध बदलू या,” शार्दूल म्हणाला. “प्रत्यारोपण पुढे ढकलू.”

गार्गीच्या आईने पदर तोंडाला लावला. परक्या रक्ताबरोबर अंगात लोह साठत चाललेल्या पोरीला ‘पुढे’ फार नसतं, हे त्या बाईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

“गोळी घेते ना?” आपांनी विचारलं.

“माझ्यासमोर!” शार्दूल म्हणाला. “आत्ताच घेतली. वर पाणीसुद्धा प्यायली.”

“अस्सं.”

आपा खाटेवर टेकल्या. उजवा तळहात गार्गीसमोर उघडा धरला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर एक कुत्रं पाठ खाजवत होतं. आपांनी ते सगळं बघितलं.

...

हातावर काहीतरी ओलं पडलं.

शार्दूलचे कान लाल झाले. तुम्ही हसू नका, शाळेत असताना तुम्हीही गोळी अशीच गालात लपवलीय.

“कडू लागते का गं?” तो घाईने म्हणाला. “शिऱ्यात घालून देऊ.”

“कडू न्हाई,” गार्गी म्हणाली. “गोळ्या लागू पडल्या की मन्याला टोचणार. तुम्हीच आईला सांगत होतासा.”

मन्या, वय पाच, कोपऱ्यात बिस्किटाचं क्रीम चाटत होता. आपलं नाव ऐकून त्याने मान वर केली. धोका नाही असं बघून पुन्हा चाटायला लागला.

शार्दूल गुडघ्यावर बसला. आवाजात मध घातला. “वेडाबाई! त्याला मुळीच दुखणार नाही. मुंगी चावल्यागत वाटेल.”

“ती मुंगी मला जल्मापासनं चावतीय,” गार्गी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.



“दुखेल,” आपा म्हणाल्या.

“आपा!”

“झोपवून हाडातून मूळपेशी काढतात, तेव्हा कळणार नाही. उठल्यावर कमरेत दुखेल. दोन-चार दिवस. रडेल.”

गार्गी हळूच वळली. तिने आपांकडे असं बघितलं, जसं बाजारात खरं वजन करणाऱ्या बाईकडे बघतात.

“मन्या,” ती म्हणाली, “दुखणार हाय बघ.”

मन्याने विचार केला. क्रीम संपेपर्यंत केला.

“मग तू फुंकर घाल.”

“ती तेव्हा जंतू लागू नयेत म्हणून काचेच्या खोलीत असेल,” आपा म्हणाल्या. “तुझ्याजवळ येता यायचं नाही तिला.”

“मग काचेतनं घाल,” मन्या म्हणाला, आणि दुसरं बिस्कीट उघडलं.

गार्गीने नाक पुसलं. “द्या,” म्हणाली.

आपांनी ओली गोळी पुडीत बांधून ठेवली, सिस्टरकडून नवी घेतली, तिच्या हातावर ठेवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. कुत्रं गेलं होतं. तरी बघत राहिल्या.

गार्गीने गोळी तोंडात टाकली. पाणी प्यायली. शार्दूल वाकून तिच्या गालाकडे टक लावून बघत होता.

“चल,” आपा म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात त्याला राहवेना. “आपा, तुम्ही बघितलंही नाहीत! गिळली कशावरून? आणि खरं सांगून तिला घाबरवलंत. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर...”

पुढची भीती त्याने तोंडातच धरून ठेवली.

आपा थांबल्या. उजवा तळहात त्याच्यासमोर उघडा धरला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या,

“हं. आता तुझ्या गालातलं दे.”