बोर्ड मेलाय!

घरातली हत्यारं आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. देवरुखच्या शकुंतलाबाई मुळ्यांचं वॉशिंग मशीन एकाएकी पाणीच घेईना. कंपनीचा माणूस आला आणि आत न डोकावताच म्हणाला, "बाई, बोर्ड मेलाय. नवा घाला."

शकुंतलाबाईंनी उमेदीच्या काळात रेडिओ दुरुस्त केले होते. त्यांनी मशीन चालवणारा तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड काढून टेबलावर ठेवला. त्याच्यावर रबरासारखा जाड लेप ओतलेला होता.

"हा कुणी ओतला?" टेबलावरच्या, डाख देणाऱ्या सोल्डरगनने विचारलं.

"कारखान्यात ओतला. पाणी शिरू नये म्हणून," बोर्ड म्हणाला.

"आणि दुरुस्त करणाऱ्याचा हातही शिरू नये म्हणून!" सोल्डरगन भडकली. "तुला काय होतंय, हे तरी त्या माणसानं पाहिलं का?"

"कुठलं पाहतोय! पाणी सोडणारा एक रिले, एवढासा स्विच, तेवढा जळलाय. बाकी सगळे भाग धडधाकट आहेत, आणि तो मला मेलेला ठरवून मोकळा झाला!"

शकुंतलाबाईंनी दुपारभर लेप खरवडला, जळका रिले काढला आणि नवा बसवून डाख दिला. मशीनमध्ये पाणी खळाळलं.

उघड्या जागेवर त्यांनी पुन्हा लेप ओतला नाही. रबरी पट्टी लावून एक झाकण बसवलं आणि त्याला चार साधे स्क्रू लावले, कुणालाही उघडता येतील असे.