जात्याभोवतीचा दोर

जुन्या शेतीच्या संग्रहालयात सहलीला आलेली मुलं स्वतः जात्यावर ज्वारी दळायची आणि हौसाक्का त्याच पिठाच्या भाकऱ्या थापायच्या. नवे संचालक तळवलकर आले आणि जातं झिजेल म्हणून त्यांनी भोवती दोर बांधून पाटी लावली : ‘हात लावू नये. फक्त पाहावे.’ मुलं हिरमुसली. हौसाक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी साहेब जेवायला बसले, तर भाकरीच्या ताटाभोवती दोर आणि समोर तीच पाटी!

“हा काय चावटपणा आहे?” साहेब कडाडले.

“पोरांना नुसतं बघून दळायला येत असंल, तर तुमचंबी पोट नुसतं बघून भरू द्या की!”

साहेबांनी ओशाळून ताटाच्या दोराला हात घातला.

“आधी जात्याचा सोडा,” हौसाक्का गरजल्या.