गोधडीच्या पोटातला कागद

एक होतं राज्य. तिथे राजाही होता, पण आपली गोष्ट त्याची नाही. आपली गोष्ट आहे भिवराबाईची. ए, पाय आखड आधी, आणि तिची उशी तिला दे. हं.

तर ते राज्य होतं खोल दरीत. दोन्ही बाजूंना हे उंच डोंगर. ऊन यायचं ते फक्त दुपारी, घटकाभर. मग करायचं काय? तर गडावर होता एक मोठा हौद. पाण्याचा नव्हे बरं का, उजेडाचा. दुपारचं ऊन त्यात साठायचं. मग पाटानं पाणी सोडतात ना, तसा पाटापाटानं तो उजेड घरोघर यायचा. आणि जसा आपण पाणीपट्टी भरतो, तशी तिथे उजेडपट्टी भरावी लागायची.

भिवराबाई गोधड्या शिवायची. तिचा टाका असा बारीक, असा सरळ, की मुंगी त्यावरून चालत गेली तर वाट चुकायची नाही! नवरा रावजी ताडाच्या झाडावर चढायचा. एकदा काय झालं, तो वरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. वर्षभर अंथरुणावर. जे होतं नव्हतं ते हाडवैद्याला गेलं. उजेडपट्टी राहिली.

मग गडावरून कागद आला. त्यावर लाल लाखेचा शिक्का. भिवराबाईला वाचता यायचं, अक्षराला अक्षर लावून. पण तो शिक्का बघूनच तिनं वाचायचं सोडून दिलं. तिनं कागद पिठाच्या डब्याखाली सारला.

मग दुसरा कागद आला. न्यायाधीशांनी बोलावलं होतं. तो तिनं देवामागे ठेवला. जणू देवच वाचणार होते!

मग आला तिसरा. या वेळी शिपायानं दारातच ओरडून सांगितलं, "भिवराबाई! तुम्ही आला नाहीत, तुमच्या माघारी निकाल झाला! पट्टी, दंड, सगळं मिळून शंभर रुपये. आठ दिवसांत भरा, नाहीतर घराला कुलूप, आणि सुईदोऱ्यासकट सगळं जप्त!" आणि जाताना त्यानं पाटावर फळी टाकली. घरात अंधार.

शंभर रुपये! तेव्हा दहा रुपयांत दुभती गाय यायची, बोला.

त्या दिवशी ती रावजीसाठी गोधडी पुरी करत होती. आता आपल्याकडे रीत काय आहे? गोधडीचं शेवटचं तोंड शिवण्याआधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा. गोधडी उपाशी ठेवू नये. पण घरात भाकरी कुठली? आणि हातात तो मेला कागद. भिवराबाईनं तोच गोधडीच्या पोटात कोंबला आणि वरून टाके घातले. म्हणाली, "दिसायला नको."

शेजारी जमले. एक म्हणाला, "डोंगरापलीकडे पळून जा." पण मोडक्या मांडीचा नवरा घेऊन पळणार कशी? दुसरी म्हणाली, "सावकाराकडून काढ." सावकार म्हणाला, "देतो की. शंभराचे दोनशे लिहून दे." भिवराबाई उठली आणि घरी आली.

दुपारी तिनं गोधडी उन्हात टाकली. तर गोधडी कण्हायला लागली! "आई गं! भिवरे, माझ्या पोटात दुखतंय गं!"

भिवराबाई दचकली. "काय झालं बाई तुला?"

"काय खाऊ घातलंस मला? ही लाख का माझ्यानं पचणार आहे? काढ तो कागद बाहेर!"

"मला नाही बघवत तो."

"मग मी काय तुझ्या वाटचं पोटदुखीनं मरू? काढ आणि वाच. शेवटपर्यंत वाच!"

भिवराबाईनं टाके उसवले. वाचायला बसली. शंभर रुपये, आठ दिवस, कुलूप, जप्ती... लोक इथेच थांबायचे आणि रडायला लागायचे. तीही थांबली. गोधडी म्हणाली, "पुढे." आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ज्याला हा निकाल झेपणार नाही, त्यानं मुदतीआधी येऊन सांगावं. पुन्हा ऐकलं जाईल.'

बघा! दार उघडंच होतं, आणि ही आपली भिंतीवर डोकं आपटत होती.

सातवा दिवस होता. भिवराबाईनं गोधडी खांद्यावर टाकली आणि गड चढली. भीती होतीच, पण चढली. मला तर बाई फार कौतुक वाटतं तिचं. लढाईवर जाणाऱ्याच्या हातात तलवार तरी असते.

न्यायाधीश म्हणाले, "तीनदा कागद धाडले. का आली नाहीस?"

ती म्हणाली, "भ्याले, महाराज. लाजही वाटली. चुकलं माझं. पट्टी मी देणं लागते. पण शंभर एकदम नाहीत."

"मग किती आहेत?"

तिनं दरबारात गोधडी अंथरली. "हे माझं घर समजा. मी मिळवते त्यातलं एवढ्या हिरव्या तुकड्याचं धान्य येतं. एवढा तांबडा, धन्याचं औषध. हा काळा तुकडा, कापड आणि दोरा. आणि काठाची ही पिवळी पट्टी राहते. ती महिन्याला एक रुपया."

कारकून फिस्सकन हसला. "एक रुपया! दरबाराची थट्टा लावलीय?"

भिवराबाई त्याला म्हणाली, "दादा, गोधडी एका दिवसात होत नाही. टाक्याला टाका लागला की होते. पण टाका घालायला उजेड लागतो. फळी काढा, म्हणजे रुपया येईल. सुई नेलीत तर तुम्हालाही काही नाही आणि मलाही काही नाही."

न्यायाधीश उठले. त्यांनी वाकून गोधडीवरून हात फिरवला. हजारो टाके, पण एकही वाकडा नाही. म्हणाले, "जिचा टाका असा, तिचा शब्दही तसाच असणार. महिन्याला एक रुपया. जप्ती रद्द. फळी काढा."

मग काय! घरात उजेड आला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भिवराबाई रुपया घेऊन गडावर. पावसात गेली, तापात गेली. एकदा बोटाला नखुरडं झालं, सुई धरवेना. मग कागद लपवला का तिनं? छे! मुदतीआधीच जाऊन सांगितलं, "या महिन्यात आठ आणेच आहेत. पुढच्याला दीड देईन." आणि दिला! पुढे रावजीही काठी टेकत चालायला लागला, दोऱ्याची गुंडी धरून तिच्या शेजारी बसायला लागला.

आठ वर्षं आणि चार महिने झाले. शेवटचा रुपया ठेवून भिवराबाईनं एक नवी गोधडी काढली. म्हणाली, "महाराज, बाहेर ओट्यावर माणसं भिऊन बसतात. दगड गार लागतो हो. ही तिथे अंथरा."

न्यायाधीशांचे डोळे भरून आले. त्यांनी कारकुनाला हुकूम केला, "आजपासून ती तळाची ओळ सगळ्यात वर लिहायची. मोठ्या अक्षरात."

आणि भिवराबाई आणि रावजी आपल्या उजेडाच्या घरात सुखानं राहिले.

काय रे, झोपला नाहीस अजून? ती ओट्यावरची गोधडी बोलली का, म्हणतोस? नाही रे राजा. तिच्या पोटात भाकरी होती. भरल्या पोटाची गोधडी कशाला बोलेल? ती गपचूप ऊब देते. ही तुमच्या अंगावरची तशीच आहे, मी स्वतः घातलाय तुकडा. ऐक बरं कान लावून. काही बोलतेय का?

नाही ना? मग तूही आता बोलू नकोस. नीज.