पश्चिमेकडे तोंड करून

फार पूर्वी, ख्रिस्ती मंडळी अजून कोणाच्या तरी अंगणात जमून उपासना करत तेव्हा, एका बंदराच्या गावात एक म्हातारा पाळक होता. माणूस प्रेमळ, पण तत्त्वज्ञाचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. "मूर्तिपूजकांचे हे पंडित नुसत्या दाढ्या कुरवाळतात. त्यांना देवाचं काय कळणार?" असं तो म्हणे.

त्याच गावात एक पोरका तरुण होता. एका तत्त्वज्ञाने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं. पुढे तरुण मंडळीत येऊ लागला, तिथेच रमला आणि बाप्तिस्मा मागू लागला. पाळकाचाही त्याच्यावर जीव जडला.

एकदा भर बाजारात एका मूर्तिकाराने पाळकाला गाठलं. "तुमच्या देवाला देऊळ नाही, मूर्ती नाही. मग तो राहतो कुठे?"

शेजारी उभा असलेला तरुण शांतपणे म्हणाला, "देव जागेत मावत नाही. सगळ्या जागाच त्याच्यात मावल्या आहेत."

पाळकाला हे वाक्य इतकं आवडलं की दर रविवारी तो ते ऐकवू लागला. ते आलं कुठून, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही.

शेवटी बाप्तिस्म्याची पहाट उजाडली. रिवाज असा, की आधी अंधाराच्या दिशेला, पश्चिमेला, तोंड करून सैतानाला आणि मूर्तींना नाकारायचं. मग पूर्वेकडे वळून पाण्यात उतरायचं. तरुणाने सगळं नाकारलं. पण पाळकाने त्या दिवशी पदरचं एक जोडलं.

"आता म्हण, माझ्या गुरूने शिकवलं ते सगळं खोटं."

तरुणाने नकारार्थी मान हलवली.

"म्हणत नसशील तर बाप्तिस्मा नाही."

तरुणाचे डोळे भरून आले. या पहाटेची त्याने किती वाट पाहिली होती. तरी तो म्हणाला, "बाबा, देव जागेत मावत नाही, हे माझ्या गुरूंनीच शिकवलं. तेही खोटं म्हणू? मग येत्या रविवारी तुम्ही काय सांगाल?"

पाळक आधी चिडला. "मग त्याच्याकडेच राहायचं होतंस. इथे कशाला आलास?"

"देव केवढा मोठा, ते त्यांनी सांगितलं. तो माझ्यासारख्यासाठी माणूस होऊन आला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला इथे कळलं."

पाळकाने मान खाली घातली. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने तरुणाला खांद्याला धरून पूर्वेकडे वळवलं आणि पाण्यात उतरवलं.

पुढच्या रविवारी त्याने तेच वाक्य सांगितलं आणि पहिल्यांदाच ते कोणाचं, हेही सांगितलं. तेव्हा आपल्या पोराला पाहायला आलेला म्हातारा तत्त्वज्ञ अंगणाच्या दाराबाहेर अवघडून उभा होता. पाळक आपल्या चटईवर बाजूला सरकला आणि त्याला म्हणाला, "देवाला जागा लागत नाही, माणसाला लागते. या, बसा."

तात्पर्य: खरं ज्ञान कोणाच्याही तोंडून आलं तरी ते देवाचंच असतं; ते घ्यावं, आणि देणाऱ्याला दाराबाहेर ठेवू नये.