अजून मागणारा धनेश

एका राज्यात वेलदोडा पिके आणि राजा मात्र परका असे. सम्राट सात समुद्रांपलीकडे बसे, त्याच्या नावाने इथे सुभेदार राज्य करी, आणि दर चैत्रात एक जहाज येऊन खंडणी घेऊन जाई. वेलदोड्याला भाव होता तोवर सगळं गोड होतं. मग परमुलखात भाव पडला. गलबतं येईनाशी झाली, बंदरावरची जकात आटली, मळ्यांतली माणसं घरी बसली. खंडणी मात्र तसूभर कमी झाली नाही. वेलदोड्याचं झाड कसं असतं हेही सम्राटाला ठाऊक नव्हतं.

सुभेदार उग्रबाहू घाबरला. त्याने कालकंटक नावाच्या मांत्रिकाला बोलावलं.

"खजिन्यात आलेलं नाणं बाहेर जाता कामा नये."

"तथास्तु," मांत्रिक म्हणाला.

त्याने खजिन्याचं दार भिंतीने बुजवलं, एक फट तेवढी ठेवली, आणि खजिनदार मणिधराला धनेश पक्षी करून आत कोंडलं. धनेशाची मादी ढोलीत अशीच स्वतःला लिंपून घेते आणि फटीतून चोच काढून घास घेते, हे रानातल्या कुणालाही माहीत आहे. मणिधर चोच बाहेर काढी आणि एकच शब्द बोले, "अजून!" प्रामाणिक होता म्हणूनच त्याची निवड झाली. लबाडाने पंखाखाली चार नाणी दडवली असती.

पक्ष्याचं पोट भरावं म्हणून चूलपट्टी आली, छत्रीपट्टी आली, आणि शेवटी सावलीपट्टी आली. सरकारी रस्त्यावर ज्याची सावली पडेल, त्याने तिच्या लांबीप्रमाणे कर भरावा. लोक काय कमी होते? ते भर माध्यान्ही, सावली पायाखाली आली की घराबाहेर पडू लागले. बाजार तेव्हाच भरे आणि घटकेत उठे. सावली मोजायला मोजणीदार, त्याच्यावर डोळा ठेवायला नजरदार, नजरदाराला ऊन लागू नये म्हणून छत्रीवाला. छत्रीवाल्याची सावली माफ होती.

मणिधराची लेक रेणुमती रोज फटीपाशी जाई.

"बाबा, मी आले."

"अजून!"

"ओळखलंत का मला?"

"अजून!"

ती पदराने डोळे पुसून परते. चैत्राचं जहाज धक्क्याला लागेल तेव्हा भिंत उभी असेल, तर पक्षी जन्माचा पक्षी राहील, अशी त्या मंत्राची अट होती.

एके दिवशी ती रानात गेली. उंच बेहड्याच्या ढोलीत एक म्हातारी धनेशीण बसली होती.

"आजी, ही भिंत फुटते कशी?"

"बाहेरून फुटत नाही, पोरी. आतलाच फोडतो, पण त्याची भूक भागली तर. त्याला नाणी चारू नकोस. तीन घास दे. ज्याचं कारण मेलं तो कर. ज्याला काम नाही ते पद. आणि ज्याने कधी दिलं नाही, त्याचं देणं."

रेणुमती निघाली ती थेट सुभेदाराकडे. तो कपाळाला हात लावून बसला होता. नुकतंच त्याने फटीतून डोकावून पाहिलं होतं. आत सगळे गोटे होते. या हातातून त्या हातात फिरलं नाही, ते नाणं अंधारात गोटा होतं. मांत्रिकाने हे सांगितलं नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"जहाज येईपर्यंत कारभाराचा शिक्का माझ्या हाती द्या," ती म्हणाली.

"बदल्यात काय घेशील?"

"माझे बाबा."

बुडत्याला काडीचा आधार. त्याने शिक्का दिला.

नदीवरचा पूल पणजोबांच्या काळातच वाहून गेला होता, पूलपट्टी मात्र जागच्या जागी होती. लोक नावाड्याला पैसे देत आणि वर न दिसणाऱ्या पुलाचेही देत. रेणुमतीने नाक्याचा आडवा वासा उपटून फटीत सरकवला. पक्ष्याने तो सबंध गिळला. "अजून!" तो म्हणाला, पण आवाज उतरला होता.

मग तिने नजरदाराची काठी आणि छत्रीवाल्याची छत्री मागितली. नजरदार रडू लागला.

"बाई, आम्ही जावं कुठे?"

"कालव्यात गाळ साचलाय. तिथे डोळेही लागतील आणि हातही. मजुरी मिळेल."

काठी आणि छत्री पक्ष्याच्या पोटात गेली. "अजून," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात क्षितिजावर शीड दिसलं. रेणुमती धावत सुभेदाराकडे गेली आणि त्याला खजिन्यासमोर घेऊन आली. ऊन कललं होतं. त्याची सावली रस्ता ओलांडून पार भिंतीपर्यंत गेली होती.

"मोजणीदार, सावली मोजा."

मोजणीदार लटपटला. सुभेदार गरजला, "मी कर घेणारा आहे, देणारा नव्हे!"

"म्हणूनच तर मागते."

त्याने शिडाकडे पाहिलं. कमरेची थैली सोडली. नाणं फटीपर्यंत नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं.

"देताना असं वाटतं होय?" त्याने विचारलं.

"रोज वाटतं, सुभेदारसाहेब. सगळ्यांनाच."

त्याने नाणं टाकलं आणि तिथल्या तिथे सावलीपट्टी रद्द केली. पक्ष्याने चोच उघडली. शब्द आला नाही. मग आतून टकटक सुरू झाली, भिंत ढासळली, पिसं गळाली आणि मणिधर बाहेर आला. पण त्याने ओठ घट्ट मिटले होते. तोंड उघडलं तर तोच शब्द बाहेर पडेल, याची त्याला धास्ती होती.

बाहेर वारा पडला, जहाज समुद्रातच अडलं. तेवढ्या वेळात रेणुमतीने गोटे मजुरीत वाटायला काढले. कालव्यावरची साळू पुढे आली.

"बाई, हा तर गोटा."

"मूठ मिटून बाजारात जा."

"तू मणिधराची लेक, तू म्हणतेस म्हणून घेते हो."

तिने तेलिणीपुढे मूठ उघडली, तर हातात खणखणीत नाणं. मग काय विचारता! मावळतीला बाजार भरला होता आणि लांब लांब सावल्या रस्त्यावर खुशाल पसरल्या होत्या. कालकंटकानेही दक्षिणा म्हणून पोतंभर गोटे उचलून नेले. त्याने पोतं सोडलंच नाही, म्हणून त्याचे गोटेच राहिले.

वारा उठून जहाज लागलं, तोवर बाजाराच्या जकातीतून अर्धी खंडणी जमली होती. कप्तानाने अर्धी खंडणी पाहून भुवई चढवली.

"उरलेली?"

"बाजारात फिरतेय," रेणुमती म्हणाली. "भाव चढला की खंडणी चढेल, भाव पडला की उतरेल."

"हा हुकूम कुणाचा?"

उग्रबाहू पुढे झाला. "माझा." आयुष्यात पहिल्यांदा तो जहाजाकडे तोंड करून ताठ उभा राहिला. रिकामं परतण्यापेक्षा हे बरं, म्हणून कप्तानाने अर्धी खंडणी चढवली.

घरी रेणुमतीने पाट मांडला, बाबांना गरम भात वाढला, वर तूप घातलं. मणिधर मुकाट जेवला. पान संपत आलं तशी ती भाताचं भांडं घेऊन वाकली. 

"बाबा, अजून वाढू?"

मणिधराने पानावर हात आडवा धरला. ओठ हलले.

"पुरे, रेणू," तो म्हणाला. "आता तू बस जेवायला."